अण्णांच्या फळ्यांची भिंत

माझ्या वडिलांनी, अण्णांनी, साताऱ्याहून नवी मुंबईत येऊन पहिलं काम केलं ते सेंट्रिंगचं, म्हणजे काँक्रीट ओतायला फळ्यांचे साचे ठोकायचं. हार्बर लाइनच्या एका स्टेशनातल्या मोठ्या हॉलची भिंत त्यांच्या टोळीनं ठोकलेल्या फळ्यांमध्ये ओतलेली. फळ्या निघाल्या, पण लाकडाच्या रेषा काँक्रीटवर तशाच राहिल्या. मला स्टेशनांच्या इमारतींचे फोटो काढायचा नाद लागला तो बहुधा त्यामुळेच. आता अण्णांचे गुडघे गेलेत, आमच्या उलव्याच्या फ्लॅटमधून ते लिफ्टनंसुद्धा खाली उतरत नाहीत. त्यात हॉलला रंग द्यायला घेतलाय असं कानावर आलं आणि माझा जीव वरखाली झाला. रंगाचं अण्णांना कळू न देता, भिंत बुजायच्या आत तिचा फोटो त्यांच्या हातात द्यायचा होता, बस्स.

त्या रेषा एरवी डोळ्यांत भरत नाहीत. सकाळी छताजवळच्या झरोक्यांतून तिरपं ऊन येतं, तेव्हा जेमतेम दहा मिनिटं दिसतात. पहिल्या रविवारी त्यातली नऊ मिनिटं रखवालदारानं खाल्ली.

"कॅमेरा अलाऊड नाय साहेब. मोबाईलवर काढा ना."

"मोबाईलमध्ये कॅमेराच असतो ना?"

"तो चालतो."

माझं डोकंच फिरलं. अर्ज लिहिला, चार टेबलं हिंडलो, सही आणली. दुसऱ्या रविवारी स्टँड लावला, तर माणसं आडवी. चालत गेली असती तर दोन सेकंदांत निघून गेली असती. पण कॅमेरा दिसला की आपल्याकडे लोक अदबीनं जागच्या जागी थांबतात, नेमके फोटोच्या मधोमध. वाशी मार्केटातला एक माथाडी असाच थांबला.

"घ्या साहेब, मी थांबलोय."

"अहो, तुम्ही जा ना!"

"नाय नाय, तुमचं होऊ दे आधी."

तोवर ऊन सरकलं. मी त्या भल्या माणसावर खेकसलो आणि त्याची माफीही मागितली नाही.

तिसऱ्या रविवारी फोटो मिळाला. फ्रेममध्ये चिटपाखरू नाही, लाकडाची गाठन्‌गाठ स्पष्ट. मोठी प्रिंट काढली आणि तडक घर गाठलं. अण्णांनी चष्मा पुसला, प्रिंटवरून सावकाश बोट फिरवलं.

"झ्याक आलाय. पर ही आमची न्हवं."

"म्हणजे?"

"ह्यात फळ्या आडव्या हायत. हे दुसऱ्या ठेकेदाराचं काम. आमी उभ्या मारल्या व्हत्या. आमची समोरची, तिकीटखिडकीच्या अंगाची."

रंगाऱ्यांनी सुरुवात तिथूनच केली होती. पहिल्या रविवारी ती भिंत अर्धी तरी उघडी होती. मी तिच्याकडे पाठ करून रखवालदाराशी हुज्जत घालत होतो. आता तिच्यावर क्रीम रंगाचे दोन हात बसलेत. तीन आठवडे मी जगाशी भांडलो, आणि घरात बसलेल्या माणसाला 'अण्णा, तुमची भिंत कुठली?' एवढं विचारायचं मला सुचलं नाही. स्वतःचाच इतका संताप आला की प्रिंट गुंडाळून कोपऱ्यात ठेवून दिली.

"तोंड का पाडतोस?" अण्णा म्हणाले. "फुडल्या रविवारी आमची काढ की."

"काढतो," मी म्हणालो.