शपथेत वाफेचा उल्लेख नव्हता

बाबा गेले ते फुफ्फुसांनी. दिवसाला दोन पाकिटं ओढायचे. तेराव्यानंतर आईने माझा हात ओढून स्वतःच्या डोक्यावर ठेवला आणि म्हणाली, "सिगरेट ओढणार नाहीस. म्हण, आईशपथ." म्हटलं. तेव्हा मी अठ्ठावीस वर्षांचा घोडा होतो आणि पँटच्या खिशात अर्धं पाकीट होतं. लहानपणी अशी शपथ तोंडून गेली आणि पाळणं जमेना, तर समोरच्याकडून लगेच "सुटली" म्हणवून घ्यायचं, म्हणजे आईला काही होत नाही, असा आमच्या कॉलनीतल्या पोरांचा कायदा होता. पण त्या दिवशी आईला "सुटली म्हण" असं कुठल्या तोंडाने सांगणार? शपथ तशीच राहिली आणि तिच्यासकट मी अमेरिकेला आलो.

इथे बॉथेल गावात घराच्या गॅरेजमागे उभा राहून एकोणीस वर्षं ओढली. आई अधूनमधून यायची, पण तीन आठवड्यांच्या वर कधी राहिली नाही. तेवढं बडीशेप आणि डिओच्या जिवावर निभावलं. यंदा मात्र ती सहा महिन्यांसाठी येणार होती. आईचं नाक म्हणजे काय सांगू! दूध उतू जायच्या आधी तिला वास येतो.

म्हणून ठरवलं, व्हेप घ्यायचं, म्हणजे धुराऐवजी वाफ देणारी बॅटरीवरची सिगरेट. आता मी पडलो इंजिनियर. साधा टोस्टर घेतानाही आम्ही एक्सेल उघडतो. अकरा मॉडेल्स, नऊ कॉलम. आकार, बॅटरी, धूर किती दिसतो, आवाज होतो का. शेवटचा कॉलम सगळ्यात महत्त्वाचा: 'आईला सापडल्यास काय सांगता येईल'. बायकोने खांद्यावरून वाचलं आणि म्हणाली, "मला बघायला आलास तेव्हा अशी शीट केली होतीस का रे?" मी कॉलमची रुंदी नीट करत राहिलो. केली होती.

दुकानात काउंटरमागे साठीची, दंडावर गरुड गोंदलेली बाई होती. तिने आधी वय बघायला माझं लायसन्स मागितलं. माझे केस पिकलेत, पण नियम म्हणजे नियम. मग विचारलं, "हनी, धूर आधी तोंडात घेऊन मग आत घेतोस, की थेट फुफ्फुसात?" वीस वर्षं प्रॉडक्शन सिस्टिम्स सांभाळणाऱ्या मला यार आपण श्वास कसा घेतो तेच सांगता येईना! मी मोबाइलवर शीट उघडली. ती तिने चष्मा लावून शांतपणे पाहिली आणि शेवटच्या कॉलमचा अर्थ विचारला. तो सांगितल्यावर बाई इतकी हसली की गरुड हलायला लागला.

मग तिनेच निवड केली. पेनड्राइव्हएवढं, राखाडी, बिनबटणाचं. तोंडात धरून श्वास आत ओढला की आपोआप चालू. फ्लेवर मी निवडला. आंब्याचा होता, पण त्या वासाला आंबा म्हणणं हा हापूसचा अपमान आहे. मी मेंथॉल घेतला. का, तर त्याला सर्दीच्या बामासारखा वास येतो. आई आल्याच्या दुसऱ्याच दिवशी तिला सांगून टाकलं, "सायनसचं आहे गं. याने वाफ घेतो मी." खोटं काय आहे त्यात? वाफच असते. आणि शपथ सिगरेट न ओढण्याची होती, वाफेचा उल्लेख नव्हता. स्वतःच्या हुशारीवर मी इतका खूश होतो की हॉलमध्ये तिच्यासमोर बसून वाफ घ्यायला लागलो. ती म्हणायची, "घे बाबा, मोकळं होऊ दे."

तिसऱ्या आठवड्यात इथल्या ओल्या गारठ्याने आईला सर्दी झाली. शनिवारी दुपारी भाजी घेऊन घरी आलो, तर आई डायनिंग टेबलाशी डोक्यावरून टॉवेल घेऊन बसलेली. समोर पातेलं नव्हतं.

"आलास?" टॉवेलमधून आवाज आला. "तुझं यंत्र घेतलंय रे. पातेल्याचा पसारा कशाला, म्हटलं. पण याला बटणच नाही. नाकाशी धरायचं की तोंडात?"

हातातली कोथिंबीर खाली पडली.

"आई, नको! ठेव ते! ते ओढायचं असतं!"

टॉवेल हळूच खाली आला. केस विस्कटलेले, नाक लाल.

"ओढायचं?" ती म्हणाली. "अरे, वाफ घेतात. ओढतात ती सिगरेट."

एवढी शीट केली, नऊ कॉलम केले, आणि एका क्रियापदाने घात केला. सगळं सांगितलं मग. गॅरेज, बडीशेप, अर्धं पाकीट, सगळं. "त्यात निकोटिन असतं गं. तुला त्रास झाला असता."

"आणि तुला होत नाही?"

लाज वाटली, आणि भीतीही वाटली. एकोणीस वर्षं ती शपथ तिच्या डोक्यावर होती, माझ्या नाही. सत्तेचाळीस वर्षांचा बाप्या मी, तिच्या पायाशी बसलो आणि पोरासारखा म्हणालो, "आई, ती शपथ... सुटली म्हण ना."

तिने ते यंत्र माझ्या हातात ठेवलं आणि टॉवेल पुन्हा डोक्यावर ओढला.

"पातेल्यात पाणी ठेव आधी," ती म्हणाली. "आणि तू सोड. मग मी सुटली म्हणते."