गजराबाईच्या सुनेच्या बांगड्या

माघातलं धुकं अजून उठलं नव्हतं. नंदुरबारच्या वेशीबाहेर पथारीवर वाळत घातलेली मिरची दवानं जड झाली होती. गजराबाई ती फावड्यानं उलटत होती आणि तिची सून कमलबाई गोणपाटावर बसून देठं खुडत होती. तिखट भुकटी दोघींच्या लुगड्यांत, केसांत, नाकात. पण शिंक म्हणून येत नव्हती. गजराबाईचा मुलगा लोटन तर याच पथारीवर रांगला होता.

तो खेचरं हाकायला पलटणीबरोबर समुद्रापार बसऱ्याला गेला. लढाई संपून वर्ष उलटलं. पत्र नाही, तार नाही. डाकवाला दिसला की गजराबाई फावडं टाकून रस्त्याकडे धावे.

गावच्या धर्मशाळेत एक बाबा उतरला होता. लढाईत मेलेले त्याच्या जिभेवर येऊन बोलतात म्हणे. जोडीला काम करणारी अमिना म्हणाली, “नको जाऊ वं. मन्हा भाऊ बी बसराले गयेल शे, त्याना बी पत्ता नही. मी गऊ का त्या बाबाकडे?”

“मंग कोनले इचारू?”

“चाल, मी बी येस. एकली भ्यायशी.”

दुपारी तिघी तशाच मिरचीनं माखलेल्या अंगानं गेल्या. खोलीच्या खिडकीत पोती कोंबलेली, मधे पांढरी चादर, धुपाचा उग्र वास. चादरीमागून घोगरा आवाज आला.

“माय, मी लोटन शे. पानीमा बुडी गऊ वं. थंडी वाजस.”

गजराबाईनं कमलबाईचा हात घट्ट धरला.

“मोडेल शिंगना ढवळ्या जिता शे ना?”

ती चादरीकडे सरकली. ढवळ्या बैलाचं शिंग लोटनच्याच हातून मोडलं होतं.

“माले मोकळा कर, माय. पळसना पुतळा जाळ. कमलन्या बांगड्या आठेच, मन्हापुढे फोड, चांदीन्या पाटल्या बाबापुढे ठेव. नही त मी रोज दारमा उभा ऱ्हासू.”

प्रेत सापडलं नाही की पळसाच्या पानांचा पुतळा करून जाळतात. एकदा तो जळाला की माणूस मेला. उद्या जिवंत परतला तरी गाव त्याला पाहून दारं लावणार. आणि दारात उभा राहणारा लोटन? गजराबाईला डोळे मिटायचंही भय वाटलं.

चादरीखालून एक दगड पुढे सरकला. कमलबाईनं हात जमिनीवर ठेवला. गजराबाईनं दगड उचलला. डोळ्यांपुढे धूसर झालं, म्हणून दुसऱ्या हातानं पदरातली भुकटी झटकून तिनं डोळे पुसले.

चादरीमागे ठसका लागला. मग दुसरा. मग शिंका, खोकला, पुन्हा शिंका.

गजराबाईचा हात वरच राहिला.

“मन्हा आंडोर, मन्हा लोटन, पथारीमा वाढना,” ती म्हणाली. “त्याले मिरचीना ठसका कधी लागना नही.”

“पा... पानी...” आतून आवाज आला.

“बुडेल मानूसले पानी कसाले लागस वं?” म्हणत अमिनानं चादर ओढली. मागे एक गलेलठ्ठ माणूस लाल डोळे चोळत बसला होता.

गजराबाईनं कमलबाईचं मनगट धरलं आणि तिला ओढत रस्त्यावर आणलं. पथारी येईस्तोवर ती मागे वळून बघत होती.

“पन त्याले ढवळ्यानं शिंग कसं समजनं?” तिनं विचारलं.

“हिरवर पानी भरता भरता रोज तूच त सांगस वं, ज्याले त्याले!” अमिना म्हणाली.

ते खरं होतं. नवऱ्याचं नाव न घेता कमलबाईनं विचारलं, “आत्याबाई, मंग त्या जिता शेतस ना?”

बाबा खोटा निघाला, पण थंड पाण्यातली ती हाक अजून कानात होती. धर्मशाळेतला दगड मुठीतच राहिल्याचं तिला तेव्हा कळलं. बांगड्यांवर उचललेला दगड. तिला तो टाकायचाही धीर होईना, ठेवायचाही.

वारा सुटला होता. कमलबाईचं बसायचं गोणपाट फडफडत होतं. तिनं तो दगड त्याच्या कोपऱ्यावर ठेवला.

“बस वं,” ती कमलबाईला म्हणाली, “अजून निम्मी उलटाई नही.”

आणि फावडं उचललं.