अब्हाच्या तळ्याकाठी ताईचं स्थळ

उन्हाळा आला की अर्धा सौदी अब्हाला पळतो, डोंगरावरच्या गारव्यासाठी. हिवाळ्यात उलटं होतं. खुद्द अब्हाचे लोक सुट्टी मिळाली की घाट उतरतात आणि खाली तिहामाच्या किनारपट्टीत उबेला जाऊन बसतात. नेमके तेव्हा आम्ही जेद्दाहून घाट चढत असतो. समोरून उतरणाऱ्या गाड्यांतले लोक आमच्याकडे ज्या नजरेने बघतात, ती मला आता पाठ झाली आहे.

पण आमचा इलाज नाही. मी जेद्दाच्या एका इंडियन स्कूलमध्ये शिकवते. उन्हाळ्याची सुट्टी गावी जाण्यात संपते, आणि हिवाळ्याची सुट्टी ताईची. ताई म्हणजे माझी मोठी बहीण. ती अब्हातल्या एका हॉस्पिटलात नर्स आहे, मी लग्न होऊन इकडे आले त्याच्या कितीतरी आधीपासून. आमचे वडील लवकर गेले. माझं बी.एड. तिच्या पगारावर झालं, भावाचं घरही तिच्याच पगारावर उभं राहिलं. ती हे कधी बोलून दाखवत नाही, म्हणून मी इथे लिहून टाकते. तिचं लग्न मात्र राहिलं ते राहिलंच. त्यामागे काही कहाणी नाही. कोणी फसवलं नाही, कोणी अडवलं नाही. आज नाही उद्या बघू, असं म्हणता म्हणता वय निघून गेलं.

गेल्या हिवाळ्याच्या तोंडावर तिचा फोन आला. कॉन्ट्रॅक्ट आता पुढे वाढणार नाही, उन्हाळ्यात फायनल एक्झिट. म्हणजे राहण्याचा परवाना, तो इकामा, परत करायचा, सामान बांधायचं, खलास.

"मग राहणार कुठे?" मी विचारलं.

"दादा म्हणाला, मागची खोली आहे की."

ती मागची खोली मला चांगली माहीत आहे. तिच्यात सोललेले नारळ, सुंभाची भेंडोळी आणि बिघडलेला पंप असतो, आणि वहिनीच्या नाकाखालून गेल्याशिवाय तिथे पोचता येत नाही. वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी माझी ताई तिथे आश्रितासारखी राहणार, या विचाराने माझ्या जिवाची नुसती तगमग झाली. तिला तिचं हक्काचं घर मिळालंच पाहिजे, असं मी ठरवलं. आणि बाईमाणसाला घर मिळवून द्यायचा जो एकच रस्ता आपल्याकडे सगळ्यांना सुचतो, तोच मलाही सुचला. मी स्थळ शोधायला लागले.

स्थळ माझ्या नवऱ्याने आणलं. कामानिमित्त त्याचं दम्मामला जाणं-येणं असतं, तिथली ही ओळख. एका हॉस्पिटलात एक्स-रे टेक्निशियन, मूळचे साताऱ्याकडचे, पत्नी वारलेली, मुलगी लग्न होऊन सासरी. तेही आता कायमचे परत जाण्याच्या बेतात होते. घरात आम्ही त्यांना दम्मामवाले म्हणू लागलो. ताईला फोन केला तर ती हसतच सुटली.

"ट्रे घेऊन बाहेर येऊ का गं? आणि साडी कुठली नेसू, अबायाच्या आत?"

मी चिडले. मग ती म्हणाली, "बरं, येऊ देत. माणसाला भेटायला काय हरकत आहे?" तेवढं मला पुरेसं होतं. हिवाळ्याच्या सुट्टीत आम्ही अब्हाला असतोच, दम्मामवाल्यांनी विमानाने यायचं, आणि सगळ्यांनी मिळून तळ्यावर जायचं, असं ठरलं. अब्हाच्या मधोमध धरणाचं तळं आहे. काठाने चालायला चांगला रस्ता आहे, बसायला हिरवळ आहे. मुलगी बघण्याचा कार्यक्रम तिथे सहलीच्या नावाखाली खपून जाण्यासारखा होता.

आता आमच्या थंडीच्या अकलेबद्दल. मी कोकणातली, नवरा कोकणातला, आणि राहायला जेद्दा, जिथे जानेवारीतही एसी बंद करायचा की नाही यावर घरात वाद होतो. दरवर्षी अब्हाला जाऊन कुडकुडतो आणि दरवर्षी विसरतो. नवऱ्याच्या डोक्यात सहल म्हणजे कॉर्निश, समुद्राकाठचा फिरायचा रस्ता. चटई, खुर्च्या, मोठा आइसबॉक्स, त्यात थंड पेयांच्या बाटल्या आणि वरून पिशवीभर बर्फ. हाताला सवयच ती. त्याने या वेळीही सगळं तसंच भरलं आणि मीही बघून काही बोलले नाही, कारण माझं लक्ष ताईसाठी घेतलेल्या मोरपिशी साडीकडे होतं. घाटात ढग खाली उतरले होते. कठड्यावर माकडं अंग आक्रसून बसली होती. ताईच्या दारात डिकी उघडली, आणि तिने आइसबॉक्सचं झाकण उचलून आत बघितलं.

"बर्फ? अरे, जेद्दाहून बर्फ घेऊन अब्हाला आलात?"

त्यानंतर सुट्टीभर नवऱ्याला जरा कुठे गरम चहा मिळाला की ती विचारायची, "बर्फ घालू का थोडा?" त्याने तो बॉक्स रागाने बाल्कनीत नेऊन ठेवला.

ताईकडची सुट्टी ठरलेली असते. सकाळी रोटीबरोबर तिथला काळसर मध खायचा. मंगळवारच्या बाजारात जाऊन टोपल्या बघायच्या आणि न घेता परत यायचं. तिथे डोंगराकडचे म्हातारे पुरुष डोक्यावर फुलापानांचे गजरे बांधून बसतात, आणि माझी तेरा वर्षांची लेक त्यांचे फोटो काढायला लाजते. केबल कारची चौकशी करायची, ती धुक्यामुळे बंद असते. मग रस्त्यावरच्या टपरीतून भाजलेली कणसं घेऊन गाडीत काचा वर करून खायची. संध्याकाळी हीटरभोवती पाय पसरून पत्ते. वर्षभर मी या एका आठवड्याची वाट बघते. ताईच्या घरात मला कोणी काम सांगत नाही, आणि मी पुन्हा धाकटी होते.

दम्मामवाले आले त्या दिवशी ऊन होतं, पण वारा अंगात शिरत होता. माणूस उंच, सावळा, बोलायला कमी. कोट, मफलर, सगळा जामानिमा. येताना हुफूफच्या खजुरांचा डबा आणला होता आणि तो त्यांनी ताईच्या हातात न देता माझ्या हातात दिला, हे मला आवडलं. रीत कळणारा माणूस. रीतीच्या बाबतीत मी सगळ्यांना आधीच बजावून ठेवलं होतं. समोरासमोर हो-नाही काही बोलायचं नाही. जो काय निरोप असेल तो आमच्यामार्फत. आमच्या आईच्या वेळी असंच होतं, माझ्या वेळी असंच होतं. तोंडावर नकार ऐकायची वेळ कोणावर येऊ नये, म्हणून मधला माणूस असतो.

कांदेपोहे मी पहाटे उठून केले होते. तळ्यावर डबा उघडेपर्यंत त्यांचा गोळा झाला होता. चहासाठी नेलेला स्टोव्ह वाऱ्यात पेटेना. नवरा काड्यांवर काड्या ओढत होता. लेक हुडीत तोंड खुपसून म्हणाली, "पप्पा, छोड दो ना, कॅफे में चलते हैं." पाहुण्यांसमोर माझी ही शोभा चाललेली. तेवढ्यात ताई उठली. पलीकडे एक सौदी कुटुंब शेगडी पेटवून बसलं होतं. त्यांच्यातल्या म्हाताऱ्या बाईशी ती अरबीत काहीतरी बोलली, दोघी हसल्या, आणि ताई पत्र्याच्या डब्यात लालभडक निखारे घेऊन परत आली. त्यावर चहा झाला.

"काय म्हणत होती?" दम्मामवाल्यांनी विचारलं.

"विचारत होती, या दिवसांत तिहामा सोडून इथे मरायला का आलात," ताई म्हणाली. दम्मामवाले मोठ्याने हसले. त्या दिवसात ते पहिल्यांदाच हसले होते. मी नवऱ्याला कोपराने ढोसलं.

चहा झाल्यावर ते म्हणाले, जरा चालून येऊ या का? ताईने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. दोघं तळ्याच्या काठाने निघाले, मध्ये एक माणूस मावेल एवढं अंतर ठेवून. मी पोह्याचा गोळा फोडत बसले आणि डोळा त्यांच्यावर ठेवला. थोड्या वेळाने डोंगरावरून धुकं आलं आणि तळं, रस्ता, ती दोघं, सगळंच नाहीसं झालं. मला शेजारी बसलेला नवरासुद्धा धड दिसेना. खोटं कशाला बोलू, मी त्या धुक्यात हात जोडले. म्हटलं, देवा, एवढं जुळू दे.

धुकं विरळ झालं तेव्हा ती दोघं परत येताना दिसली. ताई हातवारे करत काहीतरी समजावून सांगत होती आणि ते मान खाली घालून ऐकत होते. माझ्या दृष्टीने तिथेच जुळलं होतं.

दम्मामवाले हॉटेलवर गेले. संध्याकाळी नवऱ्याच्या फोनवर त्यांचा निरोप आला. होकार होता. नवऱ्याने मला स्वयंपाकघरात गाठून सगळं सांगितलं. गावच्या घरी त्यांची आई आहे, अंथरुणाला खिळलेली. तिला सांभाळायला बायका ठेवल्या, कोणी महिनाभर टिकत नाही. ताईंसारखी जाणती बाई घरात आली तर आईचे शेवटचे दिवस सुखाचे जातील, असं ते म्हणाले होते. "माणूस सरळ आहे," नवरा म्हणाला, "लपवलं नाही काही."

त्या वेळी माझ्या मनात काय आलं तेही लिहिते. मला वाटलं, म्हातारी अशी किती वर्षं काढणार? घर तर कायमचं मिळेल. ताईला सांगताना मी आईचा विषय अगदी शेवटी घातला, कडू गोळी केळ्यात घालून द्यावी तसा.

ताई हीटरपाशी बसली होती. "मला माहीत आहे ते," ती म्हणाली. "तळ्यावरच सांगितलं त्यांनी. पाठीला बेडसोर झालेत. गादी कुठली घ्यावी म्हणून विचारत होते. मी सांगितलं सगळं, कूस कशी बदलायची, किती वेळाने बदलायची."

"मग?"

"मग काय? माणूस चांगला आहे. आईवर जीव आहे. पण त्यांना बायको नकोय गं. ड्यूटीवर कोणीतरी हवंय. ती ड्यूटी मी आयुष्यभर केली, पगार घेऊन केली. आता नाही. त्यांना नीट शब्दांत कळव."

माझं डोकंच फिरलं. "या वयात आणखी कोण येणार आहे तुला मागणी घालायला? दादाच्या मागच्या खोलीत नारळ राखत बसणार आहेस का? इथे तुझ्या काळजीने माझा जीव अर्धा झालाय, मी लोकांचे पाय धरत फिरते, आणि तू सरळ…" माझा आवाज इतका चढला की आतून लेक म्हणाली, "मम्मा, धीरे!"

ताईने मला पूर्ण बोलू दिलं. मग हीटर थोडा कमी केला आणि म्हणाली, "तुमचा पनवेलचा फ्लॅट आहे ना? तो बंदच असतो."

आमचा पनवेलला फ्लॅट आहे. म्हातारपणी परत गेलो की राहायला म्हणून घेतलेला. दरवर्षी उन्हाळ्यात आम्ही तो उघडतो, जाळी काढतो, दोन-चार रात्री झोपतो, सोफ्यावर पुन्हा प्लॅस्टिक घालतो आणि कुलूप लावतो. ताईसाठी घर शोधताना मी दम्माम धुंडाळलं, सातारा धुंडाळला, विवाहमंडळाच्या साइटी पालथ्या घातल्या. हा फ्लॅट मला एकदाही आठवला नव्हता. तो माझा होता म्हणूनच आठवला नसेल.

"मी वाट बघत होते, तू म्हणशील म्हणून," ताई म्हणाली. "कॉन्ट्रॅक्टचं तुला सांगितलं ना, त्यानंतर तुझा फोन आला तेव्हा वाटलं, आता म्हणशील. तर तू स्थळ सांगितलंस."

तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर मी भांडले असते, भांडण मला जमतं. मला फक्त लाज वाटली. "ताई, अगं…" एवढंच मी म्हटलं.

माझं ते अर्धं वाक्य तिला वेगळंच वाटलं असावं. ती घाईघाईने पुढे सरकली आणि माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाली, "तुम्ही परत याल तेव्हा मी लगेच सोडेन. आणि फुकट नाही राहणार, भाडं देईन हं मी तुला."