दोन श्रीनिवास आणि माझं तिसरं प्रकरण

अकरा माणसांचे पासपोर्ट पोह्यांच्या डब्यात ठेवणं हा गुन्हा आहे की नाही, हे मला अजून नक्की माहीत नाही. विचारायचं तरी कुणाला? आमच्या घरात परदेशी विषयांतली तज्ज्ञ मीच.

झालं असं, की चाळिशी ओलांडल्यावर मला एम. ए. करायची हुक्की आली. आठवडाभर विम्याच्या ऑफिसात क्लेमच्या फायली आणि रविवारी आंतरराष्ट्रीय संबंध. (परभणीच्या मावशीने हे ऐकून आईला हळूच विचारलं होतं, जावयांना माहीत आहे का म्हणून.) पहिलं वर्ष कसंबसं निघालं. दुसऱ्या वर्षी प्रबंध आला. विषय मी ऐटीत घेतला: हैदराबादेतून आखाती देशांत जाणारे कामगार. मार्गदर्शक मॅडमनी सांगितलं, तीस जणांच्या मुलाखती घ्या. तीन महिन्यांत माझ्या दोन झाल्या, आणि त्यातला एक जण आखातात नव्हे, नांदेडला कामाला होता असं शेवटच्या प्रश्नाला कळलं.

तेव्हा आप्पा पुढे सरसावले. आप्पा म्हणजे माझे वडील. रेल्वेच्या पार्सल ऑफिसातून रिटायर झालेले, आणि हैदराबादेत बरकतपुऱ्याला आमच्याच इमारतीत खालच्या मजल्यावर आईसोबत राहणारे. "तू नको काळजी करू, म्या बघतो," असं ते म्हणाले. आमच्या घरातलं प्रत्येक संकट याच वाक्यापासून सुरू झालेलं आहे. तरीही मी त्यांच्या हातात चिठ्ठी दिली: आखातात नोकरीला जाणाऱ्यांशी बोलायचे आहे.

आप्पांनी कोठीच्या बाजारातल्या एका झेरॉक्सवाल्याकडून ती तेलुगू आणि उर्दूत टाइप करून घेतली. आप्पा तेलुगू फाडफाड बोलतात, उर्दूमिश्रित हैदराबादी तर त्याहून छान, पण वाचायला दोन्ही येत नाहीत. भाषांतरात माझं वाक्य थोडं आटोपशीर झालं. 'आखातात नोकरी. येऊन बोला.' खाली आमचा पत्ता. असे चाळीस कागद आप्पांनी स्वतः फिरून चिकटवले.

पुढच्या रविवारी जिन्यात चपला ठेवायला जागा उरली नाही. आई पहिल्या बारा जणांपर्यंत चहा करत होती, मग तिने गॅस बंद केला आणि पदर खोचून दाराशी उभी राहिली. मी प्रत्येकाला समजावत होते की इथे नोकरी मिळत नाही, इथे फक्त अभ्यास होतो. ते ऐकून माणसं माझ्याकडे फार दयेने बघायची आणि माझी सहा पानी प्रश्नावली सोफ्यावर ठेवून निघून जायची.

सोमवारपासून मात्र प्रश्नावल्या भरून परत यायला लागल्या. रोज दोन-तीन. मी खूश. लोकांना संशोधनाचं महत्त्व पटलं असं मी मॅडमना फोनवर सांगितलंसुद्धा. त्याच आनंदात मी तिसरं प्रकरण लिहून काढलं: मालक कामगारांचे पासपोर्ट काढून घेतात आणि त्यांना अडकवून ठेवतात, ही आधुनिक गुलामगिरीच होय. शनिवारी सकाळी पोहे करावेत म्हणून आईकडे डबा मागायला गेले. झाकण उघडलं. आत पोहे नव्हते.

आप्पा अगदी शांत होते. लोक फॉर्म सोफ्यावर टाकून जातात आणि फिरकत नाहीत, म्हणून नंतर येणाऱ्यांना त्यांनी पार्सल ऑफिसची पद्धत लावली होती. पासपोर्ट ठेवून जा, फॉर्म भरून आणा, पासपोर्ट न्या.

"आप्पा, माझ्या प्रबंधात ज्याला गुलामगिरी म्हटलंय ना, ती तुम्ही इथे चालवताय."

"पण फॉर्म आले का नाही?"

फॉर्म आले होते.

मी सगळी सूत्रं हातात घेतली. अकराही जणांना फोन केले, माफी मागितली, रविवारी बोलावलं. वही केली, अनुक्रमांक टाकले, नाव आणि सही. आप्पांना मी डब्याच्या जवळपासही येऊ दिलं नाही. ते कोपऱ्यात बसून म्हणत होते की फोटो बघून दे, आणि मी म्हणत होते की ही पार्सलं नव्हेत. पाचव्या क्रमांकाला एक श्रीनिवास होता, आठव्यालाही एक श्रीनिवास. मी नाव वाचून पासपोर्ट दिले. माझी वही आजही अत्यंत नीटनेटकी आहे.

बुधवारी सकाळी दहा वाजता पहिला श्रीनिवास दारात उभा. इलेक्ट्रिशियन, आमच्याच मागच्या गल्लीतला. त्याचं दुपारचं विमान. बायको-पोरं आणि सामान विमानतळाकडे निघालेलं. त्याने पासपोर्ट उघडून माझ्यासमोर धरला. आतला माणूस टकला होता. समोरचा नव्हता.

दुसऱ्या श्रीनिवासला फोन लावला, तो त्याच्या बायकोने उचलला. नवरा फोन चार्जिंगला लावून व्हिसाच्या एजंटकडे गेलाय, पासपोर्ट जमा करायला. कुठे? कोठीत, पुस्तकांच्या दुकानावर. कोठीत सगळंच पुस्तकांच्या दुकानावर असतं! मी ऑफिसात कळवलं की घरी एकाची तब्येत बिघडली आहे (ती माझीच होती), आणि आम्ही तिघे गाडीत बसलो. आप्पांना कुणी बोलावलं नव्हतं. ते पुढच्या सीटवर आधीच बसलेले होते.

तिसऱ्या इमारतीत दुसरा श्रीनिवास सापडला. पासपोर्ट तेवढ्यात काउंटरवर जमा झाला होता. आतला क्लार्क म्हणाला, ज्याच्या नावाचा आहे त्यालाच परत मिळेल. दोघेही म्हणाले, मी श्रीनिवास. क्लार्कने चष्मा काढला. मग मी पुढे झाले आणि समजावून सांगू लागले की मी संशोधक आहे, हे माझे नमुने आहेत, आणि पासपोर्ट तात्पुरते आमच्या ताब्यात असताना... क्लार्कचा हात टेबलावरच्या फोनकडे गेला.

"मॅडम," इलेक्ट्रिशियन श्रीनिवास हात जोडून म्हणाला, "आप कुछ नक्को बोलो."

मी बाजूला झाले. आप्पांनी दोन्ही पासपोर्ट काउंटरवर उघडे ठेवायला लावले, दोघांना शेजारी उभं केलं आणि क्लार्कला एवढंच म्हणाले, बघा. क्लार्कने एक टक्कल पाहिलं, एक भांग पाहिला आणि पासपोर्ट बदलून दिला. दोन वर्षांच्या माझ्या अभ्यासात वाटाघाटींवर पूर्ण एक पेपर होता.

तिथून शमशाबादच्या विमानतळाकडे निघालो. श्रीनिवास पासपोर्ट दोन्ही हातांत धरून बसला होता, आणि प्रत्येक सिग्नलला मला वाटत होतं की याची नोकरी गेली तर मी कुठल्या तोंडाने पदवी घेणार. (त्याने पुढे तिथून फोनवर तासभर मुलाखत दिली. प्रबंधातली तेवढी एकच मॅडमना आवडली.) पोचलो तेव्हा काउंटर बंद व्हायला जेमतेम वेळ होता. त्याच्या बायकोने माझ्याकडे असं पाहिलं की मी सामानाच्या ढकलगाडीमागे सरकले.

तो मात्र दारापर्यंत जाऊन परत वळला. माणूस मुळात चांगला.

"मॅडम, इत्ता पढे आप. कौन-कौनसे मुल्क देखे?"

रांगेतली चार माणसं माझ्याकडे बघू लागली. माझ्याकडे साधा पासपोर्टही नव्हता, पण हे सांगायची ती वेळ नव्हती.

"नेपाळ," मी म्हणाले.

तो समाधानाने मान हलवून आत गेला. आप्पा तो दिसेनासा होईपर्यंत थांबले.

"वैशे, नेपाळला आपण कधी गेलो गं? तुला गाडी लागली म्हणून सरहद्दीच्या अलीकडे रक्सौलहूनच तर माघारी आलो."