छकड्याच्या चाकावरचे कुंकू

देवाने मला नेमके कशाला निवडले, ही शंका मोहने गावी आल्यावर दुसऱ्याच महिन्यात मला छळू लागली. आम्ही नवराबायको नगरकडचे, नवख्रिस्ती. मिशनच्या साहेबांनी मला उपदेशक नेमून कल्याणजवळच्या या गावी धाडले. आम्हाला तो परदेशच होता. भात, मासळी, अंगाला चिकटणारी हवा आणि कानाला परकी बोली. गाव आम्हाला बाटगे म्हणे, आणि विहिरीवर आमची घागर दिसली की बायका आपल्या घागरी मागे ओढीत. फिरतीसाठी साहेबांनी एक जुना छकडा दिला होता, तोही त्यांचा नवा टांगा आला म्हणून. दर पंधरा दिवसांनी त्याचे काही ना काही मोडे. तक्रार केली की साहेब लिहीत, ‘प्रभूवर भरवसा ठेवा.’ भरवशाला चाके असती तर मी छकडा तेव्हाच परत केला असता.

माघात चाकाची लोखंडी धाव सैल झाली, म्हणून गावच्या म्हाताऱ्या लोहाराकडे गेलो. माणूस अबोल, पण हात फार चांगला. गोवऱ्यांच्या जाळात धाव लाल करून त्याने ती चाकावर चढवली, पाणी ओतले आणि रीतीप्रमाणे चाकाला हळदकुंकू लावून नारळ फोडायला घेतला. भोवती वीस-पंचवीस माणसे जमली होती. मला वाटले, अशी संधी पुन्हा यायची नाही. मी उपरण्याने ते कुंकू खसाखसा पुसले आणि लोखंडाची पूजा हे कसे पाप आहे, यावर तिथेच प्रवचन झोडले. लोहार नारळ हातात धरून ऐकत राहिला. त्याची बायको मात्र म्हणाली, “चाकाचा नाय पुसलास, मास्तर. यांच्या हाताचा पुसलास.”

घरी माझ्या कुटुंबानेही विचारले, “त्यांनी आपलं बरं व्हावं म्हणूनच लावलं होतं ना हो?” तुझी श्रद्धा कच्ची आहे, असे म्हणून मी तिलाच चार शब्द सुनावले. त्या दिवसापासून गावाने माझ्याशी बोलणे टाकले, आणि मी साहेबांना कळवले की इथे सुवार्तेचे बी पडले आहे. असा मी होतो.

चैत्रात तिचे दिवस भरायला दोन महिने असताना एका सकाळी रक्त जाऊ लागले. सुईण उंबऱ्याबाहेरूनच म्हणाली, “ठाण्याच्या दवाखान्यात न्या, नाय तं बाय हाताची जाईल.” कल्याणहून दुपारची आगगाडी गाठायची होती. तिला गोधडीवर निजवून बैल हाकले. अर्ध्या वाटेवर धाव निसटली आणि घरंगळत शेतात गेली. छकडा कलला, ती कळवळली. मी प्रार्थना केली असे लोक समजतात. खरे सांगायचे तर मी देवाशी भांडलो, तोंडाला येईल ते बोललो. दोन गाड्या शेजारून गेल्या. माझा उपदेशकाचा काळा कोट ओळखून गाडीवानांनी माना वळवल्या.

मग डोक्यावर विळ्यांचा भारा घेऊन कल्याणच्या बाजाराला निघालेला लोहार आला. त्याने भारा उतरवला, चाकावरून हात फिरवला.

“सुकलाय चाक. उन्हाल्यात नदीच्या पान्यात ठेवतात रातभर. ठेवला नाय?”

“मला कुणी सांगितलं नाही.”

“इचारलास कवा?”

एवढेच बोलला. डोक्याचे पागोटे सोडून त्याने टराटरा फाडले आणि चिंध्या छकड्यातल्या आमच्याच घागरीत हात घालून भिजवल्या. त्या घागरीला गावात कुणी शिवत नसे. चिंध्या लाकडावर गुंडाळून त्याने शेतात गेलेली धाव आणून चढवली आणि बाभळीच्या पाचरी ठोकून घट्ट केली. नंतर सवयीने कमरेची कुंकवाची पुडी काढली, माझ्याकडे पाहिले आणि पुन्हा खोचली.

“तुमच्यात चालत नाय,” तो म्हणाला. त्यात टोमणा नव्हता.

“लावा हो, मामा,” आतून माझे कुटुंब कसेबसे म्हणाले.

त्याने माझ्या शब्दाची वाट पाहिली. माझ्या तोंडून तो निघाला नाही. मी बैलांचा कासरा धरून खाली बघत उभा राहिलो. “हळू जा,” म्हणून त्याने भारा उचलला.

मूल गेले. ती वाचली, आणखी उशीर झाला असता तर तीही गेली असती, असे डॉक्टर म्हणाले. साहेबांनी ठाण्याच्या सभेत मला साक्ष द्यायला उभे केले. मी सांगितले की संकटात प्रभूने एक अनोळखी माणूस पाठवला. लोकांनी डोळे पुसले. परतताना तिने विचारले, “अनोळखी कोण होता?”

पावसाळाभर मी स्वतःशी झगडलो. अखेर दिवाळीनंतर एक नारळ घेऊन लोहाराच्या दारी गेलो. त्याची बायको ओट्यावर बसली होती. तिचे कपाळ पांढरे होते. भाद्रपदातल्या तापात तो गेला होता, आणि त्याच गावात राहून मला ते ठाऊक नव्हते, कारण याही वेळी मी कुणाला विचारले नव्हते. माफीचे शब्द मी घरून पाठ करून आणले होते. त्यातला एकही आठवला नाही, मला रडू फुटले. तिने माझ्या हातातला नारळ घेऊन बाजूला ठेवला.

“भट्टी थंड झालीय, मास्तर,” ती म्हणाली. “उन्हाला आला का चाक पान्यात ठेवत जा. बाय कशी हाय तुझी?”

मी या गावी द्यायला आलो, असे समजत होतो. देवाने मला इथे घ्यायला पाठवले होते, आणि देणारा दारात उभा असताना मी त्याचा हात पुसून टाकला. तरीही त्या लोहाराने माझी बायको वाचवली, याचे ऋण मानतो आणि त्याची लाजही वाटते. आता दर उन्हाळ्यात आम्ही दोघे संध्याकाळी चाक नदीवर नेतो. ते पाण्यात आडवे ठेवताना ती लोहाराचे नाव घेते, आणि मी आमेन म्हणतो.