मिस्त्रींनी दाखवलेली हॉटेलं

नोकरी गेली तेव्हा मी सत्तेचाळीस वर्षांचा होतो आणि दुबईत येऊन अकरा वर्षं झाली होती. त्या अकरा वर्षांत मी साध्या कॅफेटेरियात बसून एकदाही जेवलो नव्हतो. दुपारी क्लायंटबरोबर नाहीतर घरचा डबा, सुट्टीच्या दिवशी मॉल. रस्त्याकडेची छोटी हॉटेलं गाडीच्या काचेतून दिसायची, तेवढीच ओळख.

ऑफिसांच्या इंटिरियरची कामं घेणाऱ्या एका कंपनीत मी प्रोजेक्ट मॅनेजर होतो. कामं आटली तशी कंपनीनं माणसं कमी केली आणि शेवटी माणसं कमी करणाऱ्यांनाही कमी केलं. बायको शाळेत शिकवत होती, म्हणून घर चाललं. माझा व्हिसा आम्ही तिच्या नावावर घेतला. टायपिंग सेंटरमधल्या बाईनं फॉर्मवर माझ्या नावापुढे 'डिपेंडंट' असं टाइप केलं आणि "सर, इधर साइन" म्हणाली. मी सही केली.

घरी बसवेना. डिस्कव्हरी गार्डन्समध्ये आमच्या बिल्डिंगीत चार मराठी कुटुंबं. लिफ्टमध्ये कुणी ना कुणी भेटायचं आणि विचारायचं, "काय, आज वर्क फ्रॉम होम?" मुलगी शाळेतून यायची, बॅग टाकायची आणि म्हणायची, "बाबा, यू आर होम अगेन?" तिच्या मनात काही नसायचं. पण मी सकाळी शर्ट इन करून बाहेर पडायला लागलो.

दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमध्ये एका फर्निचर फॅक्टरीत इंटरव्ह्यू होता. तो दहा मिनिटांत आटोपला. बाहेर ऊन असं, की डोळे उघडवेनात. टायरच्या दुकानामागे एक मल्याळी कॅफेटेरिया दिसला आणि मी आत शिरलो. सहा टेबलं, भिंतीला घरघरणारा एसी. जाड तांदळाचा भात, लालभडक माशाचं कालवण, कोबीची भाजी, पापड. भात संपला की वाढपी न विचारताच आणखी टाकायचा. बारा दिरहम, म्हणजे तीनशे रुपयांच्याही आत. मी बोटं चाटून जेवलो. आजूबाजूला सगळे फॅक्टरीतले कामगार होते. इथे मला ओळखणारं कुणी नाही, या एका गोष्टीनं इतकं सुटल्यासारखं वाटलं की पुढच्या आठवड्यात मी पुन्हा तिथेच गेलो.

तिसऱ्या खेपेला मागून आवाज आला, "साहेब? तुम्ही हितं?"

आमच्या कंपनीतले जुने मिस्त्री. देवरुखकडचे, पन्नाशी उलटलेले, सुतारकामाचे फोरमन. वीस वर्षं दुबईत एकटे. आमच्या आधी त्यांना काढलं होतं. आता ते तिथल्याच एका वर्कशॉपमध्ये साधे सुतार म्हणून लागले होते. शर्टावर भुसा होता.

"साइट व्हिजिट होती," मी म्हटलं.

"मग बसा की. आज सुरमई बरी हाय."

त्या दिवसापासून आमचं जमलं. त्यांची जेवणाची सुट्टी साडेबाराला व्हायची. मी आठवड्यातून दोनदा-तीनदा मेट्रोनं जायचो आणि दर वेळी नवी 'साइट' सांगायचो. त्यांना त्या भागातलं प्रत्येक हॉटेल माहीत होतं. एका पेशावरी माणसाच्या तंदूरवर त्यांनी मला डाळ आणि हातभर लांब नान खायला घातलं. कामगारांच्या खोल्यांखाली एक नेपाळी बाई मोमो करायची. तिच्याकडे बसायला जागाच नव्हती, प्लेट हातात धरून उभ्यानं खायचं. बांगलादेशी हॉटेलात वांग्याचं भरीत मिळायचं. ते खाऊन मिस्त्री म्हणाले, "आमच्या आयशीच्या हातचं असंच असायचं, फक्त तेल कमी."

हॉटेल कसं ओळखायचं, हेही त्यांनीच शिकवलं. "ट्रकवाला इंजिन चालू ठेवून पार्सल मागतो ना, तिकडं जायचं नाय. तो इंजिन बंद करून, हात धुऊन बसला, की समजायचं जेवण हाय."

मी हसायचो. खूप महिन्यांनी कुणाबरोबर तरी हसत होतो. ते नेहमी एखादा पदार्थ जास्त मागवायचे आणि "मला संपत नाय, साहेब" म्हणत माझ्याकडे सरकवायचे.

एके दिवशी तंदूरवर बसलो असताना ते म्हणाले, "साहेब, एक काम होतं. मला काढलं तेव्हा फायलीत शेरा मारलाय. माप चुकवलं, मटेरियल वाया घालवलं, म्हणून. आता फोरमनच्या जागेसाठी कुठं गेलो की ते लोक जुन्या कंपनीत फोन करतात. मग खलास."

"कुठलं माप?" मी विचारलं. मला माहीत होतं.

"बँकेच्या साइटचा रिसेप्शन काउंटर. साहेब, मी ड्रॉइंगप्रमाणंच कापला होता. तुम्ही एक कागद लिहून द्या. ह्या माणसाचं काम मी डोळ्यांनी पाहिलंय, एवढंच. तुमचा शब्द चालेल."

"बघतो," मी म्हणालो. "इन्शाल्ला."

शेरा मी लिहिला होता. वरून चौदा नावं मागितली होती, आणि बचतीचा ठरलेला आकडा गाठायचा तर मिस्त्रींचा पगार त्यात यायलाच हवा होता. इतक्या जुन्या, चांगल्या माणसाला का काढताय, असं डायरेक्टरनं विचारलं असतं, म्हणून कारण शोधलं. काउंटर खरंच आठ सेंटिमीटर कमी झाला होता. पण चूक ड्रॉइंगमध्ये होती, आणि ड्रॉइंग तपासून सही केली होती मीच. ती चूक कुणाच्या तरी नावावर जायला हवी होती. ती मिस्त्रींच्या नावावर गेली आणि मी सुटलो. पुढचे तीन महिने तरी.

आता मी त्यांना शिफारसपत्र दिलं असतं, तर कुणीतरी जुन्या कंपनीत फोन केला असता आणि तिथून उत्तर आलं असतं, की शेऱ्याखाली सही याच साहेबांची आहे. म्हणून मी टाळत राहिलो. महिनाभर जेवत राहिलो आणि टाळत राहिलो. लॅपटॉप बिघडला, प्रिंटर नाही, जरा गडबडीत आहे. ते प्रत्येक वेळी म्हणायचे, "असू दे साहेब, सवडीनं."

मग एका दुपारी ते टायरवाल्यामागच्या हॉटेलात आले आणि जेवणच मागवलं नाही. एका मोठ्या जॉइनरीत, म्हणजे लाकडी कामाच्या कारखान्यात, फोरमनची जागा होती. ट्रायल झाली होती, तिथल्या मॅनेजरला काम पसंत होतं. मग फोन गेला आणि शेरा वाचून दाखवला गेला.

"मुलीचं लग्न ठरलंय," ते म्हणाले. "आमचे व्याही विचारतात, दुबईत काय करता? मी अजून फोरमनच सांगतो." मग थोडा वेळ ताटाकडे, म्हणजे माझ्या ताटाकडे बघत म्हणाले, "एवढं कळलं असतं, की कोणी लिवलं. माझं त्याच्याशी काय वाकडं होतं?"

"मी लिहिलं," मी म्हणालो.

त्यांना ऐकू आलं नसावं असं वाटलं, म्हणून मी पुन्हा सांगितलं. ड्रॉइंगचं सांगितलं, सहीचं सांगितलं. नोकरी गेल्याचंही सांगितलं. साइट व्हिजिट वगैरे काही नसते, मी रिकामा आहे, हेही.

"ते ठाऊक होतं," ते म्हणाले. "पयल्याच आठवड्यात आपल्या कंपनीच्या ड्रायव्हरनं सांगितलं. म्हटलं, साहेब बोलत नायत तर आपण कशाला विषय काढा? म्हणून तर आडबाजूची हॉटेलं शोधत होतो, तुम्हाला कोणी वळखीचं दिसू नये म्हणून."

मी काहीतरी बोलायला लागलो. त्यांनी हात वर केला. तो हात रागाचा नव्हता. साइटवर कटर थांबवायला सांगताना करायचे, तसा. मग उठून बेसिनपाशी गेले, जेवले नसतानाही हात धुतले आणि भर उन्हात निघून गेले.

त्या संध्याकाळी मी पत्र लिहिलं. सगळं खरं लिहिलं: चूक माझी, शेरा खोटा. जुन्या कंपनीला ईमेल केलं. उत्तर आलं नाही. दुसऱ्या दिवशी छापील प्रत घेऊन त्यांच्या वर्कशॉपच्या गेटवर उभा राहिलो. मिस्त्री बाहेर आले, कागद वरून खालपर्यंत पाहिला.

"इंग्रजीत हाय," ते म्हणाले. "ती जागा भरली, साहेब." कागद घडी करून खिशात ठेवला आणि आत गेले. नंतर मी दोनदा साडेबाराला त्या हॉटेलांतून फिरून आलो. तंदूरवर एकदा दिसले. मला पाहिल्यावर त्यांनी नान कागदात गुंडाळायला सांगितलं.

चार महिन्यांनी मला अबू धाबीत नोकरी लागली, एका जुन्या क्लायंटच्या ओळखीनं. आम्ही रीम आयलंडवर राहायला आलो. विसाव्या मजल्यावरून पाणी दिसतं. तिकडेच ड्रायव्हरचा फोन आला, मिस्त्री व्हिसा कॅन्सल करून गावी गेले, म्हणून. मुलीच्या लग्नाला गेले आणि परतलेच नाहीत. गावात दारांच्या चौकटी करतात म्हणे.

मी बायकोला तेव्हा पहिल्यांदा सगळं सांगितलं. ती डायनिंग टेबलावर वह्या तपासत होती. पूर्ण ऐकून घेतलं तिनं.

"तू त्यांना खरं सांगितलंस ते त्यांच्यासाठी, की तुला सहन होईना म्हणून?"

"त्यांच्यासाठी," मी म्हणालो.

तिनं माझ्याकडे पाहिलं, आणि पुढची वही ओढली.