हाडं वाचणारी उपासना

उपासना खोब्रागडे पोराकडे बघायच्या आधी त्याच्या आईबापांकडे बघायची. मिशिगनमधल्या एका विद्यापीठाच्या कुस्ती संघाची ती आहारतज्ज्ञ. ऑक्टोबर लागला की हायस्कूलचे पैलवान घरच्यांना घेऊन विद्यापीठ बघायला यायचे. कोच हॅलोरन त्यांना मॅट दाखवायचे, जिम दाखवायचे, आणि उपासना दाराशी हसतमुखानं उभी राहून बापाची उंची, आईचे खांदे, थोरल्या भावाचे बूट न्याहाळून घ्यायची.

सतरा वर्षांचं पोर आज किती वजनाचं आहे हे काट्यावर कुणालाही दिसतं. कॉलेजात दोन-तीन वर्षांनी ते कुठल्या वजनगटात उतरेल, हे सांगणं तिचं काम. कॉलेजच्या कुस्तीत दहा वजनगट, आणि प्रत्येक गटात संघाचा एकच पैलवान मॅटवर जातो. एका गटात तिघं साठले आणि दुसरा मोकळा राहिला, की कोचचं अख्खं वर्ष पाण्यात. म्हणून हॅलोरनचं तिच्याशिवाय पान हलत नसे. तिचं आडनाव मात्र त्यांना बारा वर्षांत जमलं नव्हतं. ते तिला 'मिस के' म्हणत.

नागपूरहून आई, रमाबाई, फोनवर विचारायची, "काऊन वं, अजून पोराईची हाडंच मोजून राहिली का तू तिथं?"

"हो आई. हाडंच मोजून राहिली."

"मंग बरं हाये. हाडं खोटं बोलत नाही."

हाडं खोटं बोलत नसतील, पण पुष्कळदा गप्प बसतात, हे उपासनाला ठाऊक होतं. तिनं सांगितलेल्यातलं एखादं पोर तिला दरवर्षी चकवायचंच. नागपूरच्या इंदोऱ्यात वाढलेली ही मुलगी कॉलेजात वेटलिफ्टिंग करायची. खालच्या गटात मेडल हमखास, असं सर म्हणाले म्हणून एकदा पाणीसुद्धा तोडून तिनं वजन उतरवलं आणि राज्यस्पर्धेत बार डोक्यावर नेता नेता भोवळ येऊन आडवी झाली. लागलं फारसं नाही. पण उठल्यावर सगळे विचारत होते, "लिफ्ट मोजली का?" कशी आहेस, हे कुणी विचारलं नाही. पुढं ती आहारशास्त्राकडे वळली, शिष्यवृत्तीवर अमेरिकेत आली, आणि पैलवानांच्या ताटात काय पडतं हे बघत मिशिगनच्या थंडीत मुरली.

त्या वर्षी कोचना एकशे पंचवीस पौंडाचा पैलवान हवा होता. कॉलेजमधला हा सगळ्यात हलका गट. त्यांचा आताचा गडी पदवी घेऊन चालला होता. यादीत दोघं उरले होते. एक इंडियानाचा बुटका, दणकट मुलगा, आणि दुसरा मिशिगनमधल्याच ट्रॉयचा कुश देवधर. शाळांच्या एकशे वीस पौंडी गटात राज्यात दुसरा आलेला.

"मिस के, तुझ्या गावचा दिसतोय," हॅलोरन म्हणाले.

गाव तिचं नव्हतं, भाषा मात्र होती. कुशचे वडील श्रीरंग गाडीतून उतरले तेव्हाच तिच्या मनात पाल चुकचुकली. माणूस सहा फुटाला जेमतेम कमी. आई पद्मिनी त्यांच्या कानापर्यंत येणारी. आणि मागून येणारा कुश, हातपाय लांबलचक, गाल आत गेलेले, इमारतीच्या उबेत आल्यावरही स्वेटशर्टाची टोपी डोक्यावर ओढलेला.

"तुम्ही मराठी!" पद्मिनीला एवढा आनंद झाला की तिनं उपासनाचे दोन्ही हात धरले. "नागपूरच्या? आडनाव काय म्हणालात?"

"खोब्रागडे."

"अच्छा... अच्छा," श्रीरंग म्हणाले. त्या दोन 'अच्छां'मधली छोटीशी जागा उपासनाच्या ओळखीची होती. तिनं ती सोडून दिली आणि कुशला आत नेलं.

बूट काढायला सांगितल्यावर तिला त्याची पावलं दिसली. बापाएवढी होती. मनगटं रुंद, बोटं बर्फासारखी. लहानपणापासूनच्या डॉक्टरांच्या नोंदी पद्मिनीनं हौसेनं सोबत आणल्या होत्या. उंचीची रेघ छान वर चढत गेली होती आणि गेल्या दोन वर्षांत आडवी पडली होती.

"शेवटचं पोटभर कधी जेवलास?"

"डिफाइन पोटभर," कुश म्हणाला, आणि स्वतःच हसला. मग जमिनीकडे बघत म्हणाला, "मार्चमध्ये. सीझन संपला तेव्हा. आईनं पुरणपोळी केली होती. आय एट सिक्स."

"आणि मग?"

"मग वीकभर सॉरी वाटत होतं."

उपासनानं पुढचं काही विचारलं नाही. तो आपणहून बोलला, अर्धं इंग्रजीत, अर्धं मराठीत. 'कुश' म्हणजे इथं गांजाची एक जात, म्हणून शाळेत सगळे नावावरून चिडवायचे. कुस्तीत जिंकायला लागल्यावर तेच लोक ते नाव घेऊन ओरडायला लागले. "मावशी, धिस इज द ओन्ली थिंग आय हॅव. तू फक्त एकशे पंचवीस सांग. बाकी मी करीन. आय प्रॉमिस."

तिनं त्याच्या पाठीवर हात ठेवला. कापडाखाली मणके एकेक लागत होते. "जे दिसतंय ते सांगेन," ती म्हणाली. "पण आधी तू तुमच्या डॉक्टरांकडे जा. ही उंची अशी का थांबली, ते विचार. हे मी आईलाही सांगणार आहे."

तिनं सांगितलं. पद्मिनी गोंधळली. श्रीरंग म्हणाले, "अहो, सगळेच रेसलर्स डाएट करतात. सीझनचं असतं ते. तुमचा वर्ड इथं चालतो असं ऐकलंय. आपल्या माणसाकडे लक्ष असू द्या."

संध्याकाळी हॅलोरननी विचारलं, "हो की नाही?"

"एकशे एकोणपन्नास," उपासना म्हणाली. "नीट जेवला तर."

"मला एकशे पंचवीस लागतो."

"एक वर्ष उतरवेलही. तो पोरगा हट्टी आहे, मरेपर्यंत उतरवेल. पण कोच, तो लहान चणीचा नाहीये. तो उपाशी आहे."

हॅलोरननी कपाळ चोळलं. माणूस वाईट नव्हता. स्वतःचे दोन्ही कान कुस्तीत फुलकोबीसारखे झालेले, वजन उतरवण्यापायी सलायनवर काढलेल्या रात्री आठवणीत असलेले. "एकोणपन्नासला माझ्याकडे आधीच दोघं आहेत," ते म्हणाले.

"माहीत आहे."

जागा इंडियानाच्या पोराला गेली.

दोन दिवसांनी श्रीरंगचा फोन आला. आवाज चढलेला होता. कोचनी नकार देताना वजनाचं कारण सांगितलं होतं, आणि ते कुणाच्या तोंडून आलं हे ओळखायला ज्योतिषी नको होता.

"परक्यानं केलं असतं तर समजलो असतो. आपल्याच माणसानं पाय ओढले!"

'आपल्या'त आपण कधीपासून आलो, असं तिच्या अगदी जिभेवर आलं होतं. तिनं ते गिळलं. "श्रीरंगदादा, डॉक्टरांकडे गेलात का?" एवढंच विचारलं. फोन बंद झाला.

नोव्हेंबर संपता संपता पद्मिनीचा मेसेज आला. मग लगेच फोन. ती कुजबुजत होती. "उपासना, तो आता पाणीपण प्यायचं बंद करतो गं. म्हणतो, कोचला दाखवून देतो, मी एकशे पंचवीसवर वर्षभर राहू शकतो. परवा शॉवरमध्ये चक्कर येऊन पडला. श्रीरंग म्हणतात, सीझन सुरू झाला की होईल नीट. मी कोणाला सांगू? इथं कुणाला कुस्तीतलं काही कळत नाही."

उपासनाचं त्या घराशी आता काही देणंघेणं नव्हतं. पोरगा तिच्या संघात यायचा नव्हता. पण कशी आहेस, हे न विचारणारी माणसं तिनं पाहिलेली होती. रविवारी सकाळी ती गाडी घेऊन ट्रॉयला निघाली. पहिला बर्फ पडला होता.

दार श्रीरंगनी उघडलं. क्षणभर वाटलं, तोंडावर लावून घेतात. पण घरी आलेल्या बाईला दारात उभं करायची सवय त्यांना नव्हती. "या," ते म्हणाले. घरात साबुदाण्याच्या खिचडीचा वास होता. वर कुशच्या खोलीत ट्रेडमिल चालल्याचा धप्धप् आवाज येत होता.

"कधीपासून चाललंय?"

"सकाळपासून," पद्मिनी म्हणाली आणि पदर नसलेल्या कुडत्याच्या बाहीनं डोळे पुसले.

उपासना वर गेली. कुशनं अंगावर दोन स्वेटशर्ट चढवले होते, ओठ पांढरे पडले होते. तिनं मशीन बंद केलं, आणि तो खाली बसला तशी तीही शेजारी जमिनीवर बसली. श्रीरंग दारात येऊन उभे राहिले.

"मावशी, यू वेअर राँग. आय कॅन डू इट."

"करशील. मी कोचलाही तेच सांगितलं होतं." तिनं त्याचं पाऊल आपल्या पावलाशेजारी धरलं. "पण हे पाऊल बघ. बाबांचं बघ. तुला वाटतं, तू एकशे पंचवीसचा आहेस आणि शरीर ऐकत नाही. उलटं आहे, बाळा. तू मोठ्या गटाचा पैलवान आहेस आणि शरीर बिचारं तुझं सगळं ऐकतंय. वाढायचंसुद्धा थांबलं."

कुशनं दोन्ही पावलं जवळ ओढून घेतली. मग म्हणाला, "वर गेलो तर हरेन."

"हरशील. पहिले काही महिने नक्की हरशील."

"मग?"

"मग मला माहीत नाही," उपासना म्हणाली. "खोटं कशाला सांगू? कदाचित मोठं कॉलेज मिळणार नाही. पण तू जेवशील."

दारातून श्रीरंग एकदम म्हणाले, "मी त्याला कधी उपाशी ठेवलं नाही हो." आवाज फुटला होता. "मला वाटलं, ही डिसिप्लिन आहे. मला अभिमान वाटायचा. सगळ्यांची पोरं टीव्हीसमोर चिप्स खातात आणि माझा मुलगा..." ते आत आले आणि मुलाशेजारी बसले. तिघं जण ट्रेडमिलला टेकून तशीच बसून राहिली. खालून पद्मिनीनं हाक मारली तेव्हा कुश उठला. अर्धी वाटी खिचडी खाल्ली त्यानं, पण दह्यासकट.

सोमवारी ते डॉक्टरांकडे गेले. काम एका दिवसाचं नव्हतं. जेवणाशी वैर धरलेल्या मुलांना बघणाऱ्या एका बाईंकडे आठवड्याला जाणं सुरू झालं. त्या हंगामात कुश मॅटवर उतरला तो थेट जानेवारी संपताना, आणि तोही वरच्या गटांत. हरला. मग पुन्हा हरला. एकदा तर ज्याला आदल्या वर्षी सरावात लोळवायचा, त्यानंच पाठ टेकवली. पद्मिनीनं सांगितलं, पूर्वी हरल्यावर श्रीरंग गाडीत जाऊन बसत. या वर्षी ते जिमच्या लाकडी बाकांवर शेवटपर्यंत बसून राहिले. राज्यस्पर्धेला तो पोचलाच नाही.

मोठ्या विद्यापीठांचे फोन बंद झाले. ओहायोतल्या एका लहान कॉलेजनं त्याला घेतलं. संघात ये, जागा कमवावी लागेल, एवढंच आश्वासन. जाताना तो बापाच्या कपाळाशी आला होता. पहिल्या वर्षाच्या नाताळात घरी आला तेव्हा दोघांच्या नजरा समोरासमोर होत्या. पद्मिनीनं फोटो पाठवला. उपासनानं तो मोठा करून मनगटं बघितली आणि एकटीच हसली.

इंडियानाचा पोरगा मात्र बरोबर तिच्या हिशोबाप्रमाणे एकशे पंचवीसवर राहिला आणि कोचचं नाव राखलं. हॅलोरन ते चारचौघांत सांगत. कुशबद्दल ते काही विचारत नसत, आणि तीही काढत नसे.

कुशच्या तिसऱ्या वर्षी ओहायोचा तो संघ त्यांच्याच जिममध्ये लढायला आला. उपासना नेहमीसारखी संघाच्या खुर्च्यांच्या मागं बसली होती. समोरच्या बाजूला वर पद्मिनी आणि श्रीरंग दिसले. पद्मिनीनं लांबूनच हात हलवला. कुणाच्या बाजूनं ओरडायचं हा उपासनापुढं प्रश्नच होता, म्हणून तिनं हाताची घडी घातली.

एकशे पासष्टच्या कुस्तीला नाव पुकारलं आणि कुश मॅटवर आला. मान जाड झालेली, खांदे भरलेले. हॅलोरन खुर्चीतून मागं वळले.

"तू मला एकशे एकोणपन्नास सांगितलं होतंस."

"हो."

"चक्क दोन गट चुकलीस, मिस के."

"चुकले," उपासना म्हणाली, आणि तिला इतका आनंद झाला की तो लपवायला तिनं तोंड फिरवलं.

कुस्ती चांगली झाली. कुशनं दोनदा पाय धरून पट काढला, पण घरचा पैलवान अनुभवी होता. शेवटच्या मिनिटात त्यानं कुशला खाली घेतलं आणि दोन गुणांनी कुश हरला. पंचांनी समोरच्याचा हात वर केला. रिवाजाप्रमाणे कुश प्रतिस्पर्धी कोचशी हात मिळवायला त्यांच्या कोपऱ्यात आला. घामानं निथळत होता, धापा टाकत होता.

"छान लढलास," हॅलोरन म्हणाले, आणि हात सोडता सोडता थांबले. "त्या वर्षी आम्ही तुला घेतलं नाही ते..."

"थँक यू फॉर दॅट, सर," कुश म्हणाला. टोमणा नव्हता त्यात.

मग तो खुर्च्यांच्या रांगेला वळसा घालून मागं आला. सगळ्या संघादेखत वाकून त्यानं उपासनाला मिठी मारली. तिचा कोरा शर्ट ओलाचिंब झाला.

"मावशी, खूप भूक लागलीय," तो म्हणाला.

"आईनं काय आणलंय?"

"माहीत नाही. व्हॉटेव्हर इट इज, सगळं खाणार आहे. तू येतेस ना?"

वर बाकावर श्रीरंग उभे होते. दोन्ही हातांनी त्यांनी मोठा डबा उंच धरला होता, तिला दिसावा म्हणून.